कशेळीच्या पुलाअलीकडची गाडी

काल्हेर,
सोमवार, सकाळ

तीर्थस्वरूप आक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो (इथून बडोद्यापर्यंत जेवढं वाकता येईल तेवढं वाकून). आमचं इथं बरं चाललं आहे. बायजाची साखर आटोक्यात आहे, कारण साखरेचा डबा मी माळ्यावर ठेवला आहे आणि शिडी शेजाऱ्यांकडे दिली आहे. तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. तुझा भाविक म्हणतो एकदम चांगले आहेत, पण गुडघे त्याचे नाहीत. उन्नती शाळेत रुळली असेल. नातीचं कौतुक तू सांगतेस त्यावरून शाळाच तिच्यापाशी रुळली असावी. सुकट या वेळी पाठवत नाही. मागच्या वेळी पाठवली तेव्हा तुमच्या सोसायटीत त्यावर मीटिंग झाली असं कळलं. आपल्याकडे सुकटीचा वास आला की शेजारी भाकरी घेऊन येतात. तिथले सेक्रेटरीला घेऊन येतात.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर भाविक स्पीकर लावतो. मग तुझ्या आवाजाबरोबर कुकरची शिट्टी येते, टीव्हीवरची भांडणं येतात, सूनबाई मागून नमस्कार म्हणतात. मी विचारतो, जेवलीस का. तू म्हणतेस, जेवले, तू जेवलास का. दोघंही जेवलेले असतो. मग फोन बंद होतो. मी दोनदा रेल्वेने येऊनही गेलो, तेव्हाही असंच झालं. सगळ्यांनी मिळून माझा इतका पाहुणचार केला की आपलं दोघांचं बोलणं राहून गेलं. पत्राला स्पीकर नसतो, म्हणून हे पत्र. तू परत कधी येणार हे यात विचारायचं नाही, असं ठरवून लिहायला बसलो आहे.

मागच्या आठवड्यात भाविकचा फोन आला होता. त्या वेळी स्पीकर नव्हता. म्हणाला, मामा, आईची खोली बंदच असते, गोडाऊनमधली माणसं भाड्याने जागा शोधत असतात, विचार करून बघा. पोरगा वाईट नाही. या घरात वाढला, आपल्या हातचं खाऊन मोठा झाला. पण आईची खोली म्हणताना त्याचा आवाज असा होता, की जणू आई म्हणजे आधीची भाडेकरू. मी म्हणालो, बघू. हे आक्काने सांगितलं का, असं मी त्याला विचारलं नाही. विचारलं असतं आणि तो हो म्हणाला असता, तर हे पत्र लिहायला मी बसलोच नसतो. असो. तू गाडीचं विचारलं होतंस, ते सांगतो.

गाडी घेतली तेव्हा तुला बडोद्याला जाऊन महिना झाला होता. फोनवर तू म्हणाली होतीस, मी आल्याबिगर एकवीरेला न्यायची न्हाय, पुढं मी बसनार. तू सहज बोललीस, पण आपल्या घरातली रीत तुला नव्याने सांगायला नको. नवं वाहन आधी एकवीरा आईच्या डोंगराखाली न्यायचं, आणि चालवणाऱ्याच्या शेजारी घरातली थोरली बहीण बसणार. बाबांच्या ट्रॅक्टरवर आत्या मडगार्ड धरून कार्ल्यापर्यंत गेली होती आणि पुढचा आठवडाभर तिला बसता येत नव्हतं, तरी रीत मोडली नाही. आईचं दर्शन झाल्याखेरीज दुसरा लांबचा प्रवास करायचा नाही, हेही त्यातच आलं. आता लांबचा म्हणजे किती लांबचा, हे बाबांनी सांगून ठेवलं नव्हतं. म्हणून मीच हद्द ठरवली. एकवीरेला जायचं तर कशेळीचा पूल ओलांडावा लागतो. तो ओलांडला नाही म्हणजे शब्द मोडला नाही. दुसऱ्या बाजूला धामणकर नाका. तिथून पुढे तसंही कोणी सुखाने जाऊ शकत नाही.

तर आक्का, या हद्दीत गाडी आज तिसरं वर्ष चालते आहे. घरून नाका, नाक्यावरून घर. कधी अंजूरफाट्याला मासळी. गाडीने अजून चौथ्या गिअरच्या वरचं काही पाहिलेलं नाही. कशेळीच्या अलीकडे मी वळवून घेतो, तेव्हा मागचे ट्रकवाले मला जे म्हणतात ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या सीटवर कोणी बसलेलं नाही. तिचं प्लास्टिकसुद्धा तसंच आहे. बायजा मागे बसते. मी म्हणालो, अगं, बाजारापुरती तरी पुढे बस. ती म्हणते, ती आक्कांची जागा हाय, मी न्हाय बसनार, उद्या येतील आन् म्हनतील सीट कोनी दाबली. त्यामुळे ती मागे, पर्स मांडीवर, खिडकीकडे तोंड, आणि मी पुढे एकटा. आख्ख्या काल्हेरात मी तिचा नवरा नाही, ड्रायव्हर दिसतो. अंजूरफाट्याला एकदा ती पापलेट बघायला उतरली आणि एक टायवाला माणूस मागचं दार उघडून बसला. मला ओटीपीचे चार आकडे सांगितले आणि म्हणाला, एसी वाढवा. मी एसी वाढवला (सवय झाली आहे). बायजा पिशवी घेऊन परत आली तेव्हा त्याने तिला सांगितलं, मावशी, ही बुक झालेली आहे. त्यानंतर त्या माणसाने आयुष्यात जे ऐकलं नसेल ते ऐकलं. आगरी त्याला येत नव्हती, पण समजली.

दिवाळी झाल्यावर गाडी खोकायला लागली. सकाळी सुरू केली की थरथरायची, मग जरा बरी व्हायची. एक दिवस धामणकर नाक्यावर ऐन गर्दीत समोर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला आणि गाडी जागच्या जागी डुलायला लागली. शेअर रिक्षावाल्यांना असा प्रसंग आवडतो. एकजण वाकून म्हणाला, चाचा, गाडी को सर्दी हुई है, काढ़ा पिलाओ. दुसरा म्हणाला, सर्दी नहीं, पावरलूम का आवाज़ है, कपडा निकालेगी. बायजाने मागून काच खाली केली आणि विचारलं, किती मीटर पायजे. मग त्या दोघांनीच ढकलून गाडी कडेला लावून दिली.

मी आपल्या लडकूला बोलावलं. तुला आठवत असेल, खाडीकडचा, ट्रॅक्टर दुरुस्त करतो आणि दुरुस्त न झालेला ट्रॅक्टर कसा चालवायचा तेही शिकवतो. त्याने बॉनेट उघडलं, बराच वेळ आत बघितलं आणि म्हणाला, अनंता, इंजिन दिसत न्हाय, नुसतं झाकन हाय. मग झाकणावर कान ठेवून त्याने निदान केलं: व्हॉल्व्हवर काजळी बसली आहे. (निदान बरोबर होतं, हे मला नंतर कळलं. निदान बरोबर असल्यामुळेच पुढचं सगळं झालं.) त्याने कुठल्याशा औषधाची बाटली आणून पेट्रोलच्या टाकीत ओतली. पेट्रोल जाईल तिथं औषध जाईल, औषध जाईल तिथली काजळी जाईल. गाडी खोकतच राहिली. त्याने दुसरी बाटली ओतली. तिसरी ओतली. गाडी खोकत होती, पण आता तिला वासही येत होता. लडकू म्हणाला, रोग जुना हाय. बायजा म्हणाली, डाक्टर जुना हाय.

शेवटी नाक्यावरच्या मोठ्या गॅरेजात गेलो. तिथं करिष्मा नावाची मुलगी आहे, मूळची अंबाडीची, म्हणजे आपल्याच भागातली. हातात फळीएवढा मोबाइल घेऊन फिरते आणि गाडीच्या मालकांना दमात घेते. मी तिला तीन बाटल्यांचं सांगितलं, तेव्हा ती हसायला लागली आणि ऑफिसचं मराठी विसरली. काका, ती बाटली तिथं पोचतच न्हाय, म्हणाली. आणि मग मला खुर्ची देऊन तिने फळीवर चित्र काढून सगळं समजावलं. ते तुला लिहितो. तू म्हणशील, मला काय करायचं आहे. पण गेली तीन वर्षं कुठलीही नवी गोष्ट कळली की तुला सांगायला मी ओटीवर जातो, आणि ओटीवर कोणी नसतं.

तर असं आहे. पेट्रोल नुसतं जळत नाही, हवेत मिसळलं की जळतं. इंजिनात जी भांडी असतात, त्यांना सिलिंडर म्हणतात. आपल्या गाडीत ती तीन आहेत. (बायजा म्हणाली, गाडीला तीन आन् सैपाकघराला एक.) भांड्याच्या तोंडाशी झडप असते, तोच व्हॉल्व्ह. ती उघडली की हवा आत जाते. जुन्या गाड्यांत पेट्रोलची पिचकारी या झडपेच्या बाहेर असायची, हवेच्या वाटेवर. पेट्रोल तिथं झडपेवर उडायचं, हवेत मिसळायचं, आणि मग दोघं बरोबर आत जायची. आपल्याकडे पाहुणा येतो तसं. आधी ओटीवर टेकायचं, पाणी घ्यायचं, इकडचं तिकडचं बोलायचं, मग आत.

या नव्या इंजिनात पिचकारीच भांड्याच्या आत बसवली आहे. झडपेतून येते ती फक्त हवा. पेट्रोल तिला न भेटता, वेगळ्या वाटेने, थेट आत. आतली हवा दाबली जात असते, त्या दाबात शिरायचं म्हणून पेट्रोलला फार जोर द्यावा लागतो. त्यासाठी इंजिनाच्याच जोरावर चालणारा वेगळा पंप आहे. टायरमध्ये जेवढा दाब असतो त्याच्या शंभरपट दाबाने पेट्रोल केसाएवढ्या भोकांतून सुटतं आणि त्याचं धुकं होतं. कधी सुटायचं, किती सुटायचं, हे एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो, तुझी पापणी लवेपर्यंत दोन-तीनदा. धुकं उडून जाताना आतली हवा गार करतं, माठ पाणी गार करतो तशी. हवा गार असली की तिला आणखी दाबता येतं, भलत्या वेळी पेट घेत नाही. म्हणून लहानशा इंजिनातून मोठ्या गाडीची ताकद निघते आणि पेट्रोलही कमी लागतं. करिष्मा म्हणाली, पेट्रोल वाया जायला जागाच ठेवलेली नाही. मी म्हणालो, छान आहे. खरोखरच छान आहे.

पण एक गोष्ट राहून गेली. इंजिनातल्या ऑइलची वाफ फिरून हवेच्या वाटेवर येत असते आणि गरम झडपेच्या पाठीवर चिकटते. जुन्या इंजिनात दर वेळी पेट्रोल त्या पाठीवरून जायचं, तेव्हा ती आपोआप धुतली जायची. कोणी मुद्दाम धुवायला ठेवलेलं नव्हतं. येणारा जाणारा होता म्हणून उंबरा स्वच्छ राहत होता. आता पेट्रोल तिथं थांबतच नाही, त्यामुळे काजळी साचते, जळून घट्ट होते, हवेची वाट अरुंद करते. लडकूच्या तिन्ही बाटल्या पेट्रोलबरोबर थेट आत गेल्या आणि जळून गेल्या. करिष्मा म्हणाली, काका, उंबऱ्यावरची घाण धुवायला तुम्ही पानी मोरीत ओतलंत. हे मला लगेच समजलं. तिला आश्चर्य वाटलं, कारण बाकीच्यांना दोनदा सांगावं लागतं.

काजळी काढायची पद्धत ऐकून मात्र तू हसशील. अक्रोडाच्या टरफलांचा रवा करतात आणि हवेच्या जोराने तो झडपांवर मारतात. टरफल काजळीपेक्षा कठीण आणि लोखंडापेक्षा मऊ असतं, त्यामुळे काजळी जाते आणि झडपेला ओरखडा येत नाही. मी काचेतून बघत उभा होतो. अक्रोड आपण जन्मात दोनदा आणले असतील, तेही तुझ्या बाळंतपणात. बायजाला हे सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं: टरफलं गाडीला, मग गर कोनी खाल्ला. मी गॅरेजात फोन करून विचारलं. त्यांनी फोन ठेवून दिला.

गाडी आता सुरेख चालते. पण घेऊन निघताना करिष्माने मला थांबवलं आणि विचारलं, काका, तुम्ही ही नेता तरी कुठं. मी म्हणालो, नाक्यापर्यंत. आणि? आणि घरी. ती म्हणाली, तरीच. इंजिन नीट तापायच्या आत तुम्ही बंद करता, मग काजळी नाही तर काय होणार. हिला लांब न्या, रस्ता मोकळा असेल तिथं पळवा, घाट चढवा. नाहीतर पुन्हा इथंच याल. मी तिला एकवीरेचं सांगितलं, तुझं सांगितलं, पुढच्या सीटचं सांगितलं. तिने प्लास्टिककडे बघितलं. अंबाडीची असल्यामुळे ती हसली नाही. फक्त म्हणाली, आत्या हायत कुठं. मी म्हणालो, बडोद्याला. ती म्हणाली, मग बडोदा काय जवळ हाय? चांगलं लांब हाय की.

घरी आलो आणि गाडीतच बसून रस्ता मनात आखून बघितला. आक्का, कशेळीचा पूल आपल्या घरापासून ठाण्याच्या बाजूला आहे. बडोद्याला जायचं तर अंजूरफाट्यावरून कामणमार्गे चिंचोटीला निघायचं आणि तिथं हायवे धरायचा. वाटेत कशेळीचा पूल लागतच नाही. तीन वर्षं मी एका बाजूची हद्द सांभाळत बसलो, आणि दुसऱ्या बाजूने रस्ता उघडा होता. बायजाला सांगितलं तर म्हणाली, मला ठाऊक होतं. मग बोलली का नाहीस? म्हणाली, तुमी विचारलं कवा.

आईचं दर्शन आधी, हे खरं. पण जिने शेजारी बसायचं तीच बडोद्याला असेल, तर तिला आणायला जाणं हा दर्शनाच्या प्रवासातलाच भाग धरावा, असं मला वाटतं. (लडकूलाही असंच वाटतं. त्याला विचारलं नव्हतं.)

बाकी सगळं क्षेम. खाडीच्या मासळीत या वर्षी निवट्या भरपूर आल्या. तुझ्या खोलीतली खिडकी मी रोज सकाळी उघडतो आणि संध्याकाळी लावतो, म्हणजे कुबट वास येत नाही. सूनबाईंना आणि भाविकला आशीर्वाद, उन्नतीला पापे. तुझ्या तब्येतीबद्दल तूच लिही, दुसऱ्याकडून नको.

तुझा धाकटा भाऊ,
अनंता

ता. क. भाविकला खोलीचं काय सांगायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. त्याने परत विचारलं तर सांगेन की आत काजळी साफ करण्याचं काम चालू आहे. तो शिकलेला आहे, विश्वास ठेवेल.

ता. क. दुसरा. बायजाने पत्र वाचलं. ती म्हणते, एवढं इंजिन कशापायी लिवलं, या म्हनून लिवा. मला ते लिहिता येत नाही. लिहिलं तर तू उत्तर देशील. तू उन्नतीसाठी थांबली होतीस हे मला कळतं, आणि आता ती शाळेत जाते तरी तू आली नाहीस, हेही कळतं. तिथं तुझ्या हाताला काम आहे, पोर सारखी आजी आजी करत असते. इथं मी आहे आणि ओटी आहे. तुलना करायला गेलं तर आमच्या बाजूला फारसं काही नाही.

ता. क. तिसरा. येत्या रविवारी पहाटे निघतो. दुपारपर्यंत तुमच्या फाटकापाशी असेन. बायजाला बरोबर आणत नाही, ती म्हणाली, भावाबहिनीत माझं काय काम. वर येणार नाही. वर आलो की सरबत येईल, टीव्ही लागेल आणि आपण पुन्हा पोटभर जेवून गप्प बसू. तूच खाली ये आणि पुढच्या सीटवर बस. बोलायचं नसेल तर बोलू नको. राहायचं असेल तर थोड्या वेळाने उतर, भाविकला मी काही सांगणार नाही. यायचं असेल तर पट्टा लाव. मी तुझ्याकडे बघणार नाही, समोर बघत राहीन. या गाडीत माणूस बसलं आणि पट्टा लावला नाही, तर ती टिंग टिंग वाजत राहते. पट्टा लावला की आवाज थांबतो. त्यावरून मला कळेल, असं मी ठरवलं होतं. काल गाडी बाहेर उभी केली आणि माझ्याच सीटवर करून बघितलं, तर लक्षात आलं की माणूस उतरलं तरी आवाज थांबतो. म्हणजे मला बघावंच लागेल.